कुटाराची खाज

आमच्या घरी हिवाळ्यात गाद्या लागत नव्हत्या. आम्ही कापसावर झोपायचो.

हे वाक्य मी एकदा चर्मरोग विभागात एम.डी. करणाऱ्या डॉक्टर मॅडमना बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कापसावर म्हणजे कापसाच्या गादीवर ना, ताई?"

"नाही. कापसावर. घरात कापूस भरलेला असतो, त्याच्यावर."

"घरात? कुठल्या घरात?"

"राहत्या घरात. समोरच्या खोलीत, पार छतापर्यंत."

मॅडम सांगलीकडच्या. त्यांच्या माहेरी हळदीची पोती असायची, पण तीही गोदामात. कापूस त्यांनी पाहिला तो दवाखान्यातला, कागदात गुंडाळलेला. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं, पण ते दिवस हसण्याचे नव्हते. माझी वहिनी तेव्हा मारेगावला माहेरी जाऊन बसली होती, आणि ती परत यायची की नाही हे एका खाजेवर अडलं होतं.

आधी मी काय करते ते सांगते. यवतमाळात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावातून आलेली आहे, आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आधी बी.ए., मग ग्रंथालयशास्त्र. हे मी कोणी न विचारताही सांगते. काही जणांना तो आगाऊपणा वाटतो. वाटू दे. ज्यांच्या भिंतीवर आजोबांच्या डिग्रीची फ्रेम लटकलेली असते त्यांना सांगावं लागत नाही. मला लागतं.

डॉक्टर लोक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, अमक्या आजारावर तमकं औषध खरंच लागू पडतं का, त्याचा पुरावा काढून द्या. पुरावा म्हणजे कोण्या मोठ्या डॉक्टरांचं मत नाही. जगात कुठे कुठे, कशा रोग्यांवर ते तपासून पाहिलं, काय आढळलं, त्याचे लेख. असे लेख लाखांनी आहेत. ते ज्या डेटाबेसमध्ये ठेवलेत तो फार प्रामाणिक आहे, पण माणुसकी त्याला नाही. तुम्ही जो शब्द टाकाल त्याचंच उत्तर देतो. तुमच्या मनात काय होतं ते तो विचारत नाही.

माय मला विचारायची, "तू तठी नेमकं करते काय वं?"

"शब्द शोधते."

"काहून? हारपले होते काय?"

हे काम मला शिकवलं आमच्या जुन्या ग्रंथपाल सरांनी. ते कधीचे निवृत्त झाले. त्यांच्या उमेदीत कॉम्प्युटर नव्हता, जाडजूड सूचीचे खंड होते. मी लागले तेव्हाही ते खंड वाचनकक्षाच्या मागच्या भिंतीला रांगेनं उभे होते आणि त्यांना वाळवीच्या औषधाचा वास यायचा. दुपारी पंखा घरघरत असायचा, पोरं परीक्षेला गेलेली असायची, आणि सर म्हणायचे, "काढा एक खंड. लाइट गेली तर काय कराल?" मग बारीक अक्षरांवर बोट ठेवून ओळ ओळ खाली सरकायचं. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता ते खंड रद्दीत गेले, आणि त्या भिंतीकडे पाहिलं की अजून वाटतं सर कुठूनतरी म्हणतील, काढा एक खंड.

सरांची एक शिकवण होती. "एकट्या शब्दावर जाऊ नका. त्याची भावंडं बोलवा." एकाच आजाराला इकडचा डॉक्टर एक म्हणतो, दुसऱ्या देशातला दुसरं म्हणतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तिसरंच लिहून गेलेला असतो. ती सगळी भावंडं मध्ये 'किंवा' घालून एका घरात बसवायची. मग 'आणि' घालून त्या घराची दुसऱ्या घराशी सोयरीक लावायची. आजाराचं एक घर, कारणाचं एक, उपायाचं एक. सोयरीक जुळली की लेख हाती येतात. सर हे इतकं गंभीरपणे सांगायचे की एखाद्या लग्नाची बोलणीच चाललीत असं वाटायचं.

आता घरचं.

मी लहान असताना दिवाळी झाली की कापूस घरात यायचा. बैलगाडीतून गाठोडी उतरायची, समोरच्या खोलीत ओतली जायची, आणि रोज ढीग वर वर चढायचा. आम्ही भावंडं दाराच्या चौकटीवर पाय देऊन वर चढायचो आणि घसरत खाली यायचो. माय ओरडायची, "कापूस तुडवू नका रे पोट्टेहो, पिवळा पडते!" पण रात्री तीच आम्हाला वर चढवून द्यायची. वर छत इतकं जवळ असायचं की हात लावता यायचा. सरकीचा तेलकट, गोडसर वास. अंगाखाली ऊब. एका कुशीवर झोपलं की सकाळी कापसात आपल्याच अंगाचा खड्डा पडलेला दिसायचा. घरात कापूस असेपर्यंत आगीची भीती म्हणून बाबांना बिडी ओढायला बाहेर जावं लागे. ते थंडीत कुडकुडत म्हणायचे, "घर माहं, अन् मीच बाहीर."

संक्रांतीच्या आसपास कापूस विकला जायचा. मग ती खोली अचानक मोठी व्हायची आणि आवाज घुमायचा. मी मध्ये उभी राहून मुद्दाम माझं नाव ओरडायची.

बाबा गेले, मी यवतमाळला आले, शेती भावाकडे आली. भाऊ माझ्यापेक्षा लहान. त्याच्या काळात कापूस संक्रांतीला निघेना. भाव वाढेल म्हणून तो थेट उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवायचा. शिवाय फरदडही घ्यायचा, म्हणजे हंगाम संपल्यावर झाडं उपटायची नाहीत, पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची. त्या कापसात बोंडअळी फार. हे मी आज सांगते आहे. तेव्हा अळीचा आणि वहिनीचा काही संबंध असेल असं कोणाच्याही डोक्यात नव्हतं.

भावाचं लग्न उन्हाळ्याच्या तोंडावर झालं. विहारात साधंच, पण पाहुणे भरपूर. पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून समोरच्या खोलीतला सगळा कापूस मधल्या खोलीत टाकला. तीच खोली पुढे नवरानवरीची झाली. कापूस अर्ध्या खोलीत, आणि उरलेल्या अर्ध्यात वहिनीची पेटी आणि पलंग.

थोड्याच दिवसांत वहिनीला खाज सुटली. पोटावर, पाठीवर, दंडावर लाल पुळ्या. मग भावाला. मग मायलाही, कारण त्या खोलीचा झाडू तीच मारायची. दवाखान्यातून खरजेचं मलम आणलं. अंगभर चोपडलं, कपडे उकळले. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेजारची एक म्हातारी दारात उभी राहून बोलली, "नवरीनं आंदनात खरूज आनली काय वं?"

तिथून माय बिघडली.

माझी माय वाईट नाही. पण स्वच्छतेच्या बाबतीत ती आधीपासूनच कडक. आमचं अंगण रोज दोनदा झाडलं जायचं. आमच्या घराला कोणी घाण म्हणू नये यासाठी तिनं आयुष्यभर हात झिजवले. तिनं वहिनीचा टॉवेल वेगळा काढला, चादर वेगळी काढली, आणि एक दिवस पाण्याचा गिलासही वेगळा काढून कोनाड्यात ठेवला.

वहिनी गरीब स्वभावाची नव्हती, हे बरंच झालं. ती म्हणाली, "आत्याबाई, माह्या माहेरी कोनाले खाज नाही."

"मंग आमच्याकडं कोठून आली? तू आली अन् खाज आली."

वहिनीनं पिशवी भरली. भावानं तिला मोटारसायकलवर मारेगावला सोडलं. जाताना म्हणाले चार दिवसांसाठी, पण आठवड्याभरात तिचा मला फोन आला. "ताई, अठी आली अन् खाज गेली. मलमबी नाही लावलं. आता तुमीच सांगा, खरूज कोन्या घरची होती?" आणि मग जरा थांबून, "गिलास वेगळा काढला ना माहा, तो जवापर्यंत त्या सोता आत ठेवत नाही, तवापर्यंत मी येत नाही. माहे बाबाबी तेच म्हनतात."

भाऊ मध्ये लटकला. मायला काही म्हटलं की ती म्हणायची, "मी कायले खोटं बोलू? खरूज तिचीच व्हय." आणि आता बोलून बसलेली असल्यामुळे तिला मागं फिरता येईना.

त्याच दिवसांत त्या डॉक्टर मॅडम ग्रंथालयात आल्या. त्यांच्या ओपीडीत खाजेचे रोगी वाढले होते, बरेचसे खेड्यांतले, कापूसवाल्या घरांतले. खरजेच्या मलमाने उतरत नव्हतं. त्यांना पुरावा हवा होता की मलम लागू पडत नाही तेव्हा दुसरं काय द्यावं. प्रश्न त्यांनी शिस्तीत मांडून आणला होता, आम्ही शिकवतो तसा: रोगी कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम काय पाहायचा. मी शोध लावला आणि लेखांचा ढीग निघाला. गोळी की मलम, एकदा की दोनदा, औषधाला न जुमानणारी खरूज.

मॅडम वाचत गेल्या आणि चिडत गेल्या. "ताई, हे सगळं खरजेवर आहे हो. पण माझ्या पेशंटच्या बोटांच्या बेचक्यात काहीच नाही. खरूज तिथं सापडते. यांना सगळं पोटावर आणि पाठीवर."

तेव्हा मी कापसावर झोपण्याचं बोलले. आणि मग वहिनीचं सगळं सांगितलं. घरची गोष्ट बाहेर सांगू नये, पण मला राहवलं नाही.

मॅडमनी एकच विचारलं. "माहेरी गेल्यावर गेली? मलम न लावता?"

"हो."

"मग ती खरूज नाही." आणि लगेच स्वतःच हात वर केला. "थांबा, हे माझं मत झालं. तुम्हीच म्हणता ना, मत म्हणजे पुरावा नाही. काढा पुरावा."

मी मोठ्या खुशीत 'कापूस' टाकला. इंग्रजीतला कापूस, आणि खाजेची सगळी भावंडं. मला वाटलं, कापूस म्हणजे आपला घरचा शब्द, आता काय अवघड आहे. डेटाबेसनं मला दिलं काय? जखमेवर ठेवायचा कापूस. नाकातून नमुना घ्यायची कापसाची काडी. डोळ्याच्या पडद्यावरचे कापसाच्या पुंजक्यासारखे डाग. गिरणीत काम करणाऱ्यांच्या फुप्फुसाचे आजार. त्यातला एकही कापूस आमच्या मधल्या खोलीतला नव्हता. लेख लिहिणाऱ्या जगाला कापूस दवाखान्यात भेटतो. त्याच्यावर कोणी झोपत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नाही. मी सरकी टाकून पाहिली, गाठी टाकून पाहिल्या, जिनिंग टाकून पाहिलं. माझी भावंडं संपली. सर असते तर म्हणाले असते, कापसाची भावंडं तुम्ही कापसाच्याच घरात शोधता आहात.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मायला फोन केला. तिला राग येईल हे माहीत होतं, तरी विचारलं, "माय, तुले याच्या आंधी कधी अशी खाज आलती का?"

"मले?" फोनमधून आवाज असा आला की मी तो कानापासून लांब धरला. "मले खरूज कधीच नोती! कोन म्हनते? तू त्या मारेगाववालीचं आयकून मले इचारून राह्यली काय?"

"खरूज नाही म्हनत मी. नुसती खाज."

"ते खरूज नोती," माय म्हणाली. आणि मग एकदम तिचा आवाज बदलला. "आमी लहान पोट्ट्या होतो. तुरीच्या कुटारात लोळत होतो. त्याची खाज होती ते. कुटाराची खाज. दोन दिवस आंघोळ केली का जाये. पन मास्तरले काय सांगाव? मले मांगं बसवलं, दाराजवळ. पोट्टे खरजुली म्हनत. अरे मी म्हनो, कुटाराची खाज व्हय ते! कोनं आयकलं? चौथीनंतर मी गेलीच नाही शाळंत."

मला हे माहीत नव्हतं. माय चौथी शिकली हे माहीत होतं. का थांबली, ते मी शेती आणि गरिबीच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. फोन ठेवल्यावर डबा तसाच राहिला. वहिनीचा गिलास तिनं का वेगळा काढला तेही मला तेव्हा कळलं. तो शब्द एकदा तिच्या अंगाला चिकटला होता. आता पुन्हा घरात आला म्हटल्यावर तिनं तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर लोटून दिला होता.

आणि मग दुसरी गोष्ट सुचली. कुटार.

कुटार म्हणजे तुरीचा, सोयाबीनचा, गव्हाचा मळणीनंतर उरलेला भुसा आणि काड्या. इंग्रजी पुस्तकांतल्या देशांत कापूस घरात नसेल, पण पेंढा आहे. तिकडचे लोक पेंढ्यावर झोपले असतील, पेंढ्यात खेळले असतील. आमचा कापूस तो त्यांचा पेंढा. मी जागेवर जाऊन कापूस खोडला. पेंढ्याचा इंग्रजी शब्द टाकला, मध्ये 'आणि' घातलं, आणि खाज लिहिलं.

स्ट्रॉ इच.

हे मी जोडलेलं नाव नव्हतं. ते तिथं होतंच. जुन्या, पिवळ्या पानांची छायाचित्रं होती, आणि त्यात त्या खाजेची सगळी भावंडं ओळीनं बसलेली होती: पेंढ्याची खाज, गवताची खाज, धान्याची खाज. डोळ्यांना न दिसणारा, गोचिडीच्या जातीचा एक जीव. पेंढ्यात, धान्यात ज्या अळ्या असतात त्यांच्यावर तो जगतो. पेंढा हलवला, त्याच्यावर माणूस झोपला, की माणसालाही चावतो. पण माणसावर तो घर करत नाही. ती जागा सोडली की खाज आपोआप जाते. आणि ज्या वाक्यावर मी बोट ठेवून बसले ते वाक्य: ही खाज एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही.

माझी वहिनी त्या वाक्यात होती.

मॅडमना बोलावलं. त्या वाचून म्हणाल्या, "पण यात कापूस नाही." खरं होतं. मग आम्ही वैद्यकीय डेटाबेस सोडून शेतीच्या डेटाबेसमध्ये गेलो, आणि तिथं तोच जीव पुन्हा भेटला, साठवलेल्या कापसातल्या बोंडअळीवर जगणारा. डॉक्टरांच्या घरात खाज होती आणि शेतीवाल्यांच्या घरात कापूस होता. दोघांची गाठ कोणी घालून दिली नव्हती. पुराव्याची एक उतरंड असते, आणि आमच्या हातातलं सगळं सगळ्यात खालच्या मडक्यातलं होतं: इथल्या दोघांची हकिकत, तिथल्या एका घराची. मॅडम म्हणाल्या, "खालचं का असेना, मडकं तर आहे. आता तुमच्या घरचा कापूस आणा."

शनिवारी मी गावी गेले आणि मधल्या खोलीतला कापूस लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरला, ढिगाच्या तळातला. तोंडाला फडकं बांधून दोरी आवळली. सोमवारच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "बाई, लोनचं सांडन, खाली ठेवा."

"लोनचं नाही. कापूस हाय."

"कापूस? बरनीत?" तो पुढे तिकिटं फाडत गेला आणि मागं वळून सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता कापसाचंबी लोनचं घालू राह्यले का बाभुळगावात?"

दुपारी मॅडमचा फोन आला. "ताई, प्रयोगशाळेत या. लवकर." मी सूक्ष्मदर्शकात डोळा लावला. कापसाचे तंतू जाड दोरासारखे दिसत होते, आणि त्यांच्यामध्ये एक गोल, चकचकीत, मोत्यासारखं पोट फुगलेला जीव. दिसायला सुंदर होता, खोटं कशाला सांगू. एवढ्याशा जिवानं आमचं घर दोन ठिकाणी केलं होतं.

मॅडमनी त्यांच्या रोग्यांना कापूस राहत्या घरातून काढायला सांगायला सुरुवात केली. मी लेखाचं पान छापून पुन्हा गावी गेले.

माय अंगणात लिंबाखाली गहू निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, तो जीव, अळी, कापूस. तिनं सुपातून मान वर केली नाही. मला वाटलं, पटलं नाही. मग तिनं विचारलं, "कुटार म्हनते त्यायच्यात?"

"हो. कुटाराची खाज, असंच नाव हाय तिचं."

"इंग्रजीत म्हन."

"स्ट्रॉ इच."

"ट्रॉइच," माय म्हणाली. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले. "कोठी लिहून हाय?"

मी ओळ दाखवली. तिला इंग्रजी येत नाही. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे पार शेवटपर्यंत नेलं, जसं सर मला खंडावर न्यायला लावायचे.

मी खरं तेच सांगितलं, कारण माझं कामच ते आहे. "माय, तुह्या लहानपनी तेच होतं असं आता कोनालेच सांगता येत नाही. कुटाराचं कुसळबी टोचते, त्यानंबी खाज येते."

"मले मालूम हाय काय होतं ते," ती म्हणाली. "तुह्या लोकायले आता मालूम झालं." ती अजून त्या पानाकडेच पाहत होती. मग म्हणाली, "अन् हे एकाचं दुसऱ्याले लागते?"

"नाही लागत."

भाऊ गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. कोंबड्या सुपाजवळ आल्या तरी तिनं हाकलल्या नाहीत.

"कापूस टिनाखाली टाक," ती भावाला म्हणाली. "आज." आणि मला, "मारेगाववरून जानारी वनीची गाडी यवतमाळवरून किती वाजता हाय?"

मारेगावला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वहिनीच्या वडिलांनी जयभीम केला, खाट टाकली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. वहिनी आतल्या दारात उभी. माय बसली नाही. रस्ताभर तिनं काहीतरी जुळवलं असेल असं मला वाटलं होतं, पण ती एवढंच बोलली, "तुही नोती. माह्या कापसाची होती."

वहिनी आत गेली, आणि तांब्या अन् गिलास घेऊन आली. गिलास भरला, मायच्या समोर धरला. "हा माहाच गिलास हाय, आत्याबाई. चालते का?"

माय आयुष्यभर वरून पाणी पिते. भांड्याला ओठ लागू न देता, मान मागं टाकून, थेट घशात. घरातसुद्धा, स्वतःच्या गिलासातसुद्धा. त्या दिवशी तिनं गिलास हातात घेतला आणि तोंड लावून प्याली. सगळा प्याली. मग रिकामा गिलास वहिनीच्या हातात दिला आणि म्हणाली, "थंडं हाय पानी तुह्या इथलं."

"माठ नवा हाय," वहिनी म्हणाली. "थांबा, पिशी भरते."

परतीच्या एस.टी.त दोघी एका सीटवर बसल्या आणि मी मागं. माय खिडकीबाहेर बघत होती. मध्येच वळून मला म्हणाली, "ते खरजुली म्हनत ना मले. त्याच्यासाठी हाय का शब्द तुह्या कॉम्प्युटरात?"

"नाही माय."

"नसू दे," ती म्हणाली, आणि वहिनीच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

आता आमच्या घरात कापूस नसतो. टिनाच्या शेडमध्ये असतो, तिकडे कोणी झोपत नाही. समोरची खोली बाराही महिने मोठी आणि रिकामी. माझी भाची त्या खोलीत उभी राहून स्वतःचं नाव ओरडते, आणि मला छताजवळची ती ऊब, तो सरकीचा वास आठवतो. कापसात काय असतं ते सूक्ष्मदर्शकात डोळा लावून पाहिलेली बाई आहे मी, तरीही त्याच्यावर पुन्हा एकदा झोपावंसं वाटतं. माझं मन डेटाबेसवर चालत नाही, काय करू.

आणि मायनं त्या शब्दाचं भलतंच केलं. मच्छर चावला, ट्रॉइच. लाइट गेली, ट्रॉइच. शेजारची म्हातारी दारात आली की हळूच, "आली ट्रॉइच." परवा ती भाजीतल्या मिठावरून वहिनीवर चिडली, तर वहिनी चुलीपासून न उठता म्हणाली, "काय मंग आत्याबाई, काढू का गिलास वेगळा?"

माय हसली. म्हणाली, "गप वं, ट्रॉइच." आणि चुलीजवळ ठेवलेला वहिनीचा गिलास उचलून तोंड लावून पाणी प्याली.